श्रावणातलं बडोदं आणि मावशीकडचे जुने सिनेमे

बडोद्याला गेले होते ती मावशीला भेटायला आणि सेव-उसळ खायला. पण पावसाने असा काही मुक्काम ठोकला की संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरातून बाहेर पडायची सोय राहिली नाही. मग काकांनी मोबाइल टीव्हीला जोडला. "दादासाहेब फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले! त्यांचा एकही सिनेमा बघितला नाहीस?" नव्हता बघितला. फाळके म्हणजे मला पुरस्काराचं नाव, तेवढंच.

पहिल्या रात्री ‘राजा हरिश्चंद्र’ (1913). चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढंच आज उरलंय. तारामती झालेले साळुंके पदर सांभाळत वावरतात ते बघून मावशी गालात हसत होती. खरं सांगायचं तर मला तो फारसा भावला नाही. माणसं ओळीत उभी राहतात, हात उंचावतात, चित्र संपतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तशी फत्तेसिंग संग्रहालयात गेले. राजवाड्याच्या आवारातली ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत. ‘सीता भूमिप्रवेश’समोर उभी राहिले आणि वाटलं, अरे, हे तर कालचंच! तीच दागिन्यांनी मढलेली पौराणिक माणसं, तेच नाटकातल्यासारखे उंचावलेले हात. फाळके पुढे लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्याशीही जोडले गेले होते, त्यामुळे हे साम्य काही उगीच आलेलं नसावं.

येताना राजमहाल रोडवरून कलाभवन बघितलं. सयाजीरावांच्या काळात 1890 साली सुरू झालेली ही संस्था आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. गेटवर बाइका लावून पोरं चहा पीत होती. फाळके इथे चित्रकला, फोटोग्राफी शिकले. ते जादूचे प्रयोगही करायचे, आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने!

हा केळफा मला भेटला तो रात्री, ‘कालिया मर्दन’मध्ये (1919). सुरुवातीलाच फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. डोळ्यांत काय खोडकरपणा आहे! पाण्याखाली कृष्ण नागाशी झुंजतोय, काठावर गोकुळ कासावीस, पुन्हा पाणी, पुन्हा काठ. इथे चित्र हलायला लागतं. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट आणि मावशी चक्क "अगं, वर ये ना!" म्हणत होती.

तरी या मुक्कामातला माझा सगळ्यात आवडता ‘संत तुकाराम’ (1936). दिग्दर्शक दामले-फत्तेलालांचा, प्रभात फिल्म कंपनीचा. तुकाराम झालेल्या पागनीसांचे अभंग ऐकून होते, पण गौरी या नटीने केलेली आवली, तुकोबांची बायको, माहीत नव्हती. पोर तापाने फणफणलेलं असताना ती पायातलं घेऊन थेट विठोबावर चाल करून जाते. तुकोबांपेक्षा मला तीच खरी वाटली. काका म्हणाले, सिनेमा भक्तीचा आहे. मावशीने उसळीवर सेव घालता घालता सुनावलं, "भक्ती केली त्यांनी, चूल कोणी पेटवली?"

आता पुढचा कोणता यावर वाद सुरू आहे. काकांना ‘माणूस’ हवाय, मावशीला शांता आपटेंचा ‘कुंकू’. रिमोट मावशीकडे आहे.