पिटॉनची सावली

चंद्र बघायचा तर पौर्णिमेला, असं आमच्या स्टाफरूमला अजूनही वाटतं. पौर्णिमेला सावल्याच नसतात, मग मोजणार काय? म्हणून शुक्ल नवमीला शाळेच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावली. समोर अजिंक्यतारा, उजवीकडून यवतेश्वराचा वारा, खाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे.

सावलीवरून उंची मोजायला चंद्रावरचा डोंगर निवडला, पिटॉन. सपाट मैदानात एकटाच उभा, त्यामुळे सावली कुठे संपते ते स्वच्छ दिसतं. आयपीसला, म्हणजे दुर्बिणीत डोळा लावतो त्या भिंगाला, मोबाइल लावून फोटो काढायचा आणि पिक्सेल मोजायचे. पट्टी म्हणून शेजारचं अरिस्टिलस विवर. त्याचा व्यास ५५ किलोमीटर, फोटोत ११० पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल अर्धा किलोमीटर. सावलीच्या लांबीला तिथल्या सूर्याच्या क्षितिजावरच्या उंचीच्या (कोनाच्या) टॅनने गुणलं, की झालं. पण चंद्राची त्रिज्या जेमतेम १७३७ किलोमीटर, त्यामुळे लांब सावलीखालची जमीनच वाकते. ३८ किलोमीटरला सुमारे चारशे मीटर. ही वजाबाकी भलेभले विसरतात. मी विसरत नाही.

नववीतल्या एका मुलीने सावली ७६ पिक्सेल मोजली. मी लॅपटॉपवरून सूर्याची उंची दिली, ६.१ अंश. उत्तर आलं साडेतीन किलोमीटरच्याही वर. पिटॉन आहे सव्वादोनचा.

"नीट मोज," मी म्हणालो. सगळ्यांसमोर. परत ७६. "अगं, कडा धूसर असते, तिला सावली धरू नकोस." तिसऱ्यांदा तिने ४५ सांगितले. हिशेब केला, बरोबर सव्वादोन. मी टाळ्या वाजवायला लावल्या, तिच्या वहीतले ७६ लाल पेनाने खोडले. तिथेच खटकायला हवं होतं. सावली धूसर असली म्हणून एकतीस पिक्सेल कमी होत नाहीत.

रविवारी रात्री चार्ट करताना लॅपटॉपवर वेळ दिसली, १९:३०. प्रोग्रॅमला जागतिक वेळ हवी असते, १४:००. मी आपली भारतीय वेळ घातली होती. चंद्रावर सूर्य सावकाश चढतो, पण साडेपाच तासांत पिटॉनवर दोन अंश चढतोच. सूर्याची खरी उंची चार अंश. तिचे ७६ घालून पाहिले, सव्वादोन किलोमीटर.

प्रॅक्टिकलच्या जर्नलात गुरुत्वाचा 'जी' ९.८ येईपर्यंत आकडे मागून पुढे भरणारी मुलं आपणच तयार करतो, असं मी बैठकीत दोनदा तरी बोललोय.

सोमवारी तिला बोलावून सगळं सांगितलं. ती वहीकडे बघत म्हणाली, "तिसऱ्यांदापण ७६च आलेले, सर."

मग ४५ का सांगितलेस, हे मी विचारलं नाही.