बाबांचं चित्र विकताना

बाबांचं एक जलरंगातलं चित्र विकायचं ठरलं तेव्हा आईची अट एकच होती: दलालाकडे द्यायचं नाही, ज्याच्या भिंतीवर लागणार त्याच्याशीच बोलायचं. बाबा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पुढे आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. हे चित्र नाशिकच्या गोदाघाटाचं, 22 बाय 30 इंचांच्या अख्ख्या कागदावरचं, खाली सही आणि 1968 साल. पुण्याच्या एका संग्राहकांना ते हवं होतं.

"ताई, आधी तुमचा आकडा सांगा," ते म्हणाले. त्याआधी मी लिलावांचे निकाल बघून ठेवले होते. जाहीर होणाऱ्या किमतीत बहुधा लिलावगृहानं खरेदीदाराकडून घेतलेला प्रीमियम, म्हणजे वरचा आकारही धरलेला असतो, विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरंच कमी पडतं. शिवाय कागदावरच्या जलरंगाला तैलचित्राचा भाव लावून चालत नाही. हे सगळं धरून मी आकडा सांगितला. त्यांनी चौरस इंचाचा दर काढला. तो हिशेब मला मुळातच पटत नाही. ओल्या पायऱ्यांवरचा उजेड बाबांनी कागद कोरा सोडून पकडलाय, तिथे दुसऱ्यांदा हात फिरवायची सोय नसते. चित्र खिडकीशी नेऊन तेवढाच भाग त्यांना दाखवला. इंचांचा विषय परत निघाला नाही.

त्यांचा रास्त मुद्दा होता तो कागदावरच्या तपकिरी ठिपक्यांचा. दमट हवा आणि मागचा जुना आम्लयुक्त पुठ्ठा, दोन्हींमुळे ते पडतात. मी ते पहिल्याच फोटोंत दाखवले होते, त्यामुळे संवर्धनाच्या खर्चाइतकी रक्कम कमी करण्यावर लगेच जमलं. चित्राच्या मागे बाबांच्या अक्षरातलं शीर्षक आहे, आणि मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या समूह प्रदर्शनाची छापील यादीही आईनं जपली होती. या दोन गोष्टींनी चित्राच्या अस्सलपणाबद्दल शंका उरली नाही.

निम्मी रक्कम रोख द्यायचं त्यांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. शिवाय चित्र विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो, मला सगळं बँकेतूनच हवं होतं.

खरी ओढाताण झाली ती कागदपत्रांवर. त्यांच्या मसुद्यात 'सर्व हक्कांसह' असं होतं, कारण कंपनीच्या कॅलेंडरवर त्यांना घाट छापायचा होता. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही, तो लेखी द्यावा लागतो, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो. ते शब्द मी खोडले. त्यांच्या संग्रहाच्या पुस्तिकेत बाबांच्या नावासह छापायला परवानगी दिली, कॅलेंडरला नाही. पुनर्विक्रीच्या रकमेतही वारसांना वाटा मागता येतो (कॉपीराइट कायद्याचं कलम 53ए), म्हणून चित्र पुढे विकलं तर आम्हाला कळवायचं, असंही लिहून घेतलं. बाबांच्या प्रदर्शनासाठी चित्र आम्हाला उसनं द्यायचं, या माझ्या कलमावर ते बरेच अडले. मी किंमत आणखी थोडी सोडली, पण ते कलम सोडलं नाही. आई आणि भावाची संमतीपत्रं जोडली, चांगल्या प्रतीचं स्कॅन करून ठेवलं, पैसे जमा झाल्यावर चित्र त्यांच्या हवाली केलं.

आता बाबांचे विद्यार्थी नाशकात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवताहेत. त्या कलमाचा हवाला देऊन मी संग्राहकांकडे घाटाचं चित्र मागितलंय. ते द्यायला तयार आहेत, फक्त विमा कुणी काढायचा ते ठरायचंय.