बाबांचे विसरणे आणि तीन ठिकाणच्या गोळ्या

नैराश्याची गोळी सुरू झाली की माणसाचे डोके कामातून जाते, हा समज यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात फार पक्का आहे. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याच घरात शिरला आणि मी, शाळेत शिकवणारा माणूस, त्याला बळी पडलो.

कोणत्या साली किती क्विंटल कापूस निघाला आणि तो काय भावाने गेला, हे ज्यांना तोंडपाठ होते, त्या माझ्या ६९ वर्षांच्या वडिलांना सकाळी डवरणीला कोण आले होते हे संध्याकाळी आठवेनासे झाले. शेजारचे काका म्हणाले, "गुरुजी, या गोयायनंच त्यायचं डोक्सं बधिर केलं, बंद करा." आम्ही बाबांच्या नैराश्याच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. त्यानंतर बाबांना चक्कर येऊ लागली, झोप उडाली, हातपाय थरथरू लागले. अशा गोळ्या अचानक थांबवणे किती धोक्याचे असते, हे मी आधी विचारायला हवे होते. ते न विचारल्याची खंत मला आजही आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी घरात असतील तेवढी सगळी पाकिटे आणायला सांगितली. तोवर आम्ही 'डोक्याची गोळी' एकच समजत होतो. प्रत्यक्षात पहिल्या दवाखान्याने दिलेल्या एकाच गोळीत एसिटालोप्राम हे नैराश्याचे औषध आणि क्लोनाझेपाम अशी दोन औषधे होती. पायांच्या मुंग्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली होती आणि सर्दीची क्लोरफेनिरामिन बाबा मेडिकलमधून स्वतःच आणत होते. मेंदूत नवी आठवण रुजण्यासाठी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन लागते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि क्लोरफेनिरामिन त्याचेच काम अडवतात, आणि उतारवयात हा परिणाम अधिक जाणवतो. बाबांचे तोंड कोरडे पडणे आणि पोट साफ न होणे हीदेखील त्याचीच लक्षणे होती. क्लोनाझेपाम हे मुळात नैराश्याचे औषध नाही. ते मन शांत करते, झोप आणते, पण गोळी घेतल्यानंतरच्या गोष्टी स्मरणात नीट उतरू देत नाही. ज्या एसिटालोप्रामवर गाव ठपका ठेवत होते, त्याचा स्मरणशक्तीवरचा थेट परिणाम या तिघांच्या मानाने पुष्कळ कमी असतो. मात्र अशा गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम कधी कधी उतरते आणि माणूस गोंधळतो, म्हणून तीही तपासणी झाली.

मग डॉक्टरांनी आईला विचारले, की विसरणे नेमके कधीपासून सुरू झाले. आई म्हणाली, "गोळ्यांच्या आधीपासून. दिवाळीला ते वावरात जायचे थांबले, तेव्हापासूनच." मला हे ठाऊकच नव्हते. नैराश्यात लक्ष कशावर ठरत नाही, आणि लक्ष न दिलेली गोष्ट मनात नोंदली जात नाही, मग ती आठवणार कुठून? म्हाताऱ्या माणसांत हे इतके ठळक होऊ शकते की घरच्यांना स्मृतिभ्रंशच वाटतो.

तपासणीत सोडियम आणि थायरॉइड ठीक निघाले, बी-१२ मात्र फार कमी होते. बाबा माळकरी, मांस-अंडी वर्ज्य, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे हे जीवनसत्त्व कमी होते. त्याच्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात, मन खचते आणि विसरणेही वाढते. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू झाली, त्यांचे एक कारण कुणी शोधलेच नव्हते. तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या एकत्र न पाहण्याची ही किंमत मला फार जड वाटते.

एसिटालोप्राम पुन्हा सुरू झाले; बाकीच्या गोळ्या डॉक्टरांनी आठवड्यांच्या हिशेबाने उतरवत नेल्या आणि बी-१२ची इंजेक्शने दिली. ज्यांना जिल्ह्याला जाण्यासाठी मजुरी बुडवावी लागते, त्यांनी निदान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये.

यंदा कापूस वेचणीचा, कोणत्या बाईचे किती किलो भरले याचा हिशेब बाबांनीच ठेवला. नातवंडांची नावे अजून अधूनमधून चुकतात. त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे, आणि या वेळी सगळी पाकिटे मी एकाच पिशवीत भरून ठेवली आहेत.