मोज्यातली पॉवर बँक

आठ दिवसांच्या ट्रेकमधल्या तिसऱ्या पहाटे फोन हातात घेतला. ४२ टक्के दिसत होते. फोटो काढायला गेले आणि तो बंदच पडला. रात्रभर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहिला होता. गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीचा आतला रोध वाढतो, जोर लागला की व्होल्टेज एकदम पडतं आणि बॅटरी संपली असं समजून फोन स्वतःला बंद करतो. जॅकेटच्या आत छातीशी धरून बसले; वीसेक मिनिटांनी सुरू झाला, चार्जही जवळजवळ तेवढाच!

तेव्हापासून फोन, पॉवर बँक आणि हेडलॅम्प एका जाड मोज्यात घालून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेते. आणि गोठणबिंदूखाली गेलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही. आत लिथियम धातूचा थर बसतो, ते नुकसान भरून येत नाही.

निघण्याआधी हिशोब मात्र वॉट-अवरमध्येच, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेच्या मापातच करावा. माझी पॉवर बँक २०,००० एमएएचची, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि फोनच्या आत शिरताना बरंच वाया जातं. हाती साधारण ५० धरते. माझ्या फोनची बॅटरी १७ वॉट-अवरची, म्हणजे तीनच वेळा भरणार.

सोलर पॅनेलबद्दल सगळे विचारतात. माझं २१ वॉटचं आहे, पण हा आकडा कडक ऊन थेट पडत असताना आणि पॅनेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचा. सॅकवर लटकवून चाललं की ते निम्मा वेळ सावलीत असतं. मी दुपारच्या मुक्कामी सूर्याकडे तोंड करून ठेवते आणि त्यावर फोन न लावता पॉवर बँक लावते. ढग आला-गेला तरी चालतं. बँक मात्र पॅनेलच्या मागे सावलीत, कारण उन्हात ती भाजून निघते.

खरी बचत विमान मोडची. रेंज नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. जीपीएस त्या मोडमध्येही चालतं, नकाशे मात्र आधी उतरवून घ्यावे लागतात.

पुढच्या वेळी दुसरी केबल नेणार आहे. सहाव्या दिवशी एकुलती एक केबल टोकाशी सैल झाली आणि दोन रात्री ती बोटांनी दाबून धरून बसावं लागलं.