गोठ्यातली गादी ते द्राक्षबागेचा चर : आमची वाटचाल

खानापूर-आटपाडीचा पट्टा मुळात शेळ्या-मेंढरांचा. पूर्वी खतासाठी धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रानात बसवून घ्यायचा आणि बदल्यात धान्य द्यायचं, ही रीत इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी पाळलेली आहे. पुढं चराऊ रानं कमी झाली, शेळ्या बंदिस्त शेडमध्ये आल्या आणि लेंडीही तिथंच साठायला लागली. आमचा व्यवसाय उभा राहिला तो या बदलावर.

सुरुवातीला आम्ही नुसती खताच्या ट्रॉलीची खरेदी-विक्री करायचो. शेड उपसायला घरच्या बायकाच लागायच्या. तोंडाला पदर, पायात काही नाही आणि हातात घमेलं. ते बघवेना, म्हणून उपसायचं कामच आम्ही अंगावर घेतलं.

गादी पद्धतीत शेळ्यांच्या पायाखाली मुरूम, त्यावर तूस, भुसा किंवा शेंगांची टरफलं असतात. ओल दिसली की वर कोरडा थर टाकत जायचं. नुसतं तूस मोकळं राहतं, पण मूत फारसं धरत नाही. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आपल्याकडं ऊस वाढला आणि पाचट मुबलक झालं. त्याची कुट्टी करून तुसात मिसळा, असं आम्ही प्रत्येक मालकाला सांगतो. अख्खं पाचट मात्र नको, त्याची चटई होते आणि उपसताना दाताळं अडकतं.

गादी कधी काढायची, यावर आमचे आणि मालकांचे वाद होतात. “वास कुठं येतोय?” असं ते उभ्यानं म्हणतात. आम्ही त्यांना उकिडवं बसायला लावतो. करडू जिथं झोपतं तिथं नाक नेलं की डोळ्यांतून पाणी येतं. तो अमोनिया. करडं ठसकायला लागतात ती यानंच, आणि पुढं न्यूमोनियाला निमित्त मिळतं. मूठभर गादी दाबून पाहावी. हाताला पाणी सुटलं तर थांबण्यात अर्थ नाही. ओल्या गादीत खुरं सडतात, करडांना हगवण लागते.

उपसायच्या दिवशी आधी शेळ्या बाहेर काढायच्या आणि बाजूचे पडदे उघडायचे. काम दारापासून आत न्यायचं. वरचा थर फावड्यानं सहज निघतो, खालचा मात्र दाबून काळाभोर झालेला असतो. त्याला पहारीनं हातभर रुंदीच्या पट्ट्या पाडाव्या लागतात. पहिली लादी उलटते तेव्हा सगळ्यात जास्त वाफ येते, म्हणून त्या वेळी आमचा माणूस वाऱ्याकडं पाठ करून उभा राहतो. जमीन खरवडून झाली की चुना भुरभुरायचा, ती पुरती वाळू द्यायची, मगच नवीन तूस.

काढलेलं खत आम्ही तसंच विकत नाही. गिऱ्हाईक मागतं, तरीही नाही. कच्चं खत रानात गेलं की वळवाच्या पावसानंतर भुंगेरे त्यात अंडी घालतात आणि हुमणी, म्हणजे त्यांची अळी, पिकाच्या मुळावर येते. आम्ही ढीग लावून, पाणी मारून, खालीवर करून कुजवतो. आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत ऊब चढते, त्यात तणाचं बी आणि जंतांची अंडी मरतात. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात, लेंडीत ३ टक्क्यांच्या आसपास. गादीच्या खतात तूस असल्यामुळं ते त्याहून थोडं कमी भरतं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं.

तासगाव, कवठेमहांकाळची द्राक्षं एप्रिलच्या खरड छाटणीला आली की चरात भरायला खत लागतं, आणि आटपाडीच्या डाळिंबाला मृग बहाराआधी. या दोन हंगामांवर आमचं वर्ष चालतं. विक्री ब्रासवर, म्हणजे घनफुटाच्या मापावर करतो. वजनावर घेतलं तर शेतकरी पाण्याचेही पैसे मोजतो.

शेडमालकाकडून आम्ही उपसाईचे पैसे घेत नाही. खताच्या किमतीतून मजुरी वजा करतो आणि उरलेली रक्कम जागेवर त्याच्या हातात देतो.

कामावरच्या सगळ्यांना रबरी बूट, हातमोजे, मास्क आमचे. टोळीत बायका जास्त आहेत, आणि त्यांची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, पुरुषांइतकीच आहे. या भागात हा दर पडायला लागला याचं आम्हाला फार समाधान आहे.