प्रदूषणाची कृपा?

"काय रंग आलाय! सगळी प्रदूषणाची कृपा बरं का," मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर शेजारी बसलेले काका सूर्यास्ताचे फोटो काढता काढता म्हणाले. हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय, पण आज ते डोक्यातून जाईना.

कारण गोष्ट बरीचशी उलटी आहे. मावळतीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचताना डोक्यावरच्या उन्हाच्या जवळजवळ ३८ पट हवा ओलांडतो. वाटेत हवेचे रेणू निळा रंग विखरून टाकतात आणि केशरी-लाल उरतो. धुरक्यातले मोठे कण मात्र सगळेच रंग विखरतात आणि आकाश मळकं करतात. जानेवारीत मुंबईत बघा, सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच करड्या थरात गडप होतो.

अपवाद आहे, पण तो फार उंचावरचा. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गंधकाचे अतिसूक्ष्म थेंब स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात पसरले आणि कित्येक महिने जगभर संध्याकाळी पेटल्यासारख्या दिसल्या. अमेरिकेत तर आग लागली समजून बंब बाहेर काढले होते!

आपल्याकडे खरे रंग पाऊस उघडल्यावर. हवा धुतलेली, वर पिंजलेले ढग. सूर्य बुडाला की लोक उठतात, आणि नेमके त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी ते ढग खालून गुलाबी होतात. थांबा हो जरा! आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून 'डेलाइट'वर करा, नाहीतर मोबाइल केशरी रंग परस्पर फिका करतो.

तुमचा सगळ्यात रंगलेला सूर्यास्त कुठल्या महिन्यातला? फोटो टाका ना.