ओट्यावरची गाडी

मंगळवार, रात्री साडेअकरा

रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत आज पुन्हा शेवटून दुसरा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेचा हॉल, करडा गालिचा, पाच-पाच मिनिटांच्या हीट, म्हणजे फेऱ्या. आपली झाली की पुढच्या हीटला कोपऱ्यात उभं राहून लोकांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. तेवढं मात्र २००६ सारखंच.

तेव्हा माझ्याकडे तामिया कंपनीची टीटी-०१ गाडी होती. चॅसिस म्हणजे प्लास्टिकचा टब, मधून चाकं फिरवणारा शाफ्ट, ५४० मोटर, ७.२ व्होल्टचा निकेल बॅटरी पॅक. आपला क्रिस्टल, म्हणजे रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा, कुणाच्या क्रिस्टलशी जुळत नाही ना, म्हणून फळ्यावर आपल्या फ्रिक्वेन्सीला चिमटा लावायचा. विसरलं की दुसऱ्याने बटण दाबलं आणि आपली गाडी भिंतीवर. सेटअपचं ज्ञान एका वाक्याचं: स्प्रिंग अजून कडक. वळत नाही? कडक. जास्तच वळते? तरी कडक!

आताची सेकंडहँड गाडी शाफ्टऐवजी बेल्टवाली. खाली ॲल्युमिनियमची पातळ प्लेट, वर कार्बनची अरुंद पट्टी, दोन सेलची लिपो बॅटरी, १७.५ टर्नची ब्रशलेस मोटर. पुढे डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाहीच, स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. मागे सिलिकॉन तेल भरलेला गिअर डिफ. वरच्या पट्टीचे एक-दोन स्क्रू मुद्दाम काढून ठेवणारे लोक बघितले तेव्हा वाटलं, विसरले असतील. नाही, चॅसिसला थोडं वाकू द्यायचं असतं म्हणे.

सगळ्यात उशिरा डोक्यात शिरला तो ड्रूप. गाडी हाताने वर उचलताना चाकं जमीन सोडण्याआधी चॅसिस किती वर येते, तेवढाच. मागचा कमी केला की थ्रॉटल सोडल्यावर शेपूट उचलत नाही, वजन धाडकन पुढे जात नाही, आणि गाडी गिरकी घेत नाही. दोन मिलीमीटरच्या आतला खेळ. एवढ्यासाठी मी तेव्हा किती स्प्रिंगा विकत घेतल्या असतील!

पण आजचं दुखणं वेगळंच होतं. उजवीकडे छान वळायची, डावीकडे सरळ कडेच्या फळीत. दोन हीटच्या मध्ये मी स्प्रिंग बदलल्या, रोल सेंटरसाठी, म्हणजे वळताना गाडी किती कलते त्यासाठी, अर्ध्या मिलीमीटरच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, घातल्या, एक काढली, परत घातली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा बराच वेळ गप्प बघत होते. शेवटी त्यांनी डावी-उजवी चाकं जोडणारे अँटी-रोल बार सोडवले आणि गाडीचं नाक बरोबर मध्यावर सुरीच्या टोकाने उचललं. उजवं चाक आधी उठलं. डावं बसूनच. चॅसिसला पीळ! परवा सोफ्यावर, मांडीवर गाडी घेऊन सगळे स्क्रू आवळले होते मीच.

घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात. घरातली एकमेव खरी सपाट जागा म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा. वरच्या पट्टीचे स्क्रू सैल केले, दोन्ही तळव्यांनी प्लेट दाबून धरली. टक्. आवाज केवढासा, पण बोटांना कळला. मग आलटून पालटून, थोडे थोडे आवळले.

"अरे, अकरा वाजलेत. मला ओटा पुसायचाय, उचल ते तुझं कार्टं."

"एकच मिनिट. बघ ना, दोन्ही चाकं एकदम उठतायत."

तिने खरंच वाकून बघितलं. मग म्हणाली, "तेलाचा डाग कुणाचा?"

डॅम्परचा, म्हणजे गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरचा. तो पुसला. शिमा उद्या काढेन.